रतिबाचा प्रोग्राम

निवृत्त माणसाला सल्ले फुकट मिळतात आणि रोज मिळतात. सकाळी फिरायला जा, साखर कमी करा, एखादी संस्था बघा, हे सगळे जुने झाले. अलीकडे त्यात एकाची भर पडली आहे : प्रोग्रामिंग शिका. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीनं तो दिला तेव्हा मी वयाची ढाल पुढे केली. ती म्हणाली, "मामा, तुला कोड लिहायचाच नाहीये. लिहिणारा आहे. तू फक्त काय पाहिजे ते सांगायचं."

काय पाहिजे ते सांगायचं तर आधी ते माहीत हवं. आमच्या घरात काय पाहिजे, किती पाहिजे आणि कधी पाहिजे हे ज्या व्यक्तीला माहीत असतं तिला संगणकात काडीचा रस नाही. पण भाचीला एवढं सगळं कोण सांगणार!

तिच्या बोलण्यात तथ्य मात्र होतं. २०२१ साली गिटहब कोपायलट आला तेव्हा तो लिहिणाऱ्याला पुढची ओळ सुचवण्यापुरता होता. २०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आल्यावर लोक आख्खा प्रोग्रामच मागू लागले. आता तर हे मदतनीस थेट संगणकात शिरून फायली उघडतात, लिहितात, चालवून बघतात आणि अडलं तर स्वतःच दुरुस्तही करतात. आंद्रेज कार्पथी हा या क्षेत्रातला नावाजलेला संशोधक. आत काय लिहिलं जातंय ते न बघता नुसतं सांगत सुटायचं, या पद्धतीला त्यानं फेब्रुवारी २०२५मध्ये 'व्हाइब कोडिंग' असं नाव दिलं आणि कॉलिन्स शब्दकोशानं ते त्या वर्षाचा शब्द म्हणून निवडलं. मी आयुष्यभर बँकेत काम केलं. समोरच्यानं काय लिहिलंय ते न बघता सही ठोकण्याला आमच्याकडे वेगळं नाव होतं, आणि त्याची चौकशी लागायची.

नवशिक्यानं पहिला प्रोग्राम कशाचा करावा याबद्दल जगात एकमत दिसतं. करायच्या कामांची यादी. निवृत्त माणसाला कामांची यादी करायला सांगणं हा विनोद म्हणून ठीक आहे, पण यादीत काय घालायचं? मी दुधाचा हिशेब निवडला. छोटा विषय, घरचा विषय आणि दर महिन्याच्या एक तारखेला ज्यावरून घरात थोडीफार बोलाचाली होते असा विषय.

आमच्याकडे अजून पिशवीचं दूध नाही, रतीब आहे. आबा पहाटे मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन अडकवून येतात, मापानं दूध घालतात, वर थोडं सांडल्यासारखं करून जास्त देतात आणि जातात. हिशेब भिंतीवर असतो. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली कालनिर्णय काढलं तेव्हा पंचांग, सणवार, भविष्य, सगळं एका कागदावर आणलं याचं लोक कौतुक करतात. माझ्या मते प्रत्येक तारखेच्या चौकोनात त्यांनी जी मोकळी जागा सोडली ती या सगळ्याहून मोठी. महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांचं लेखापरीक्षण त्या जागेत चालतं. फुली म्हणजे खाडा. आकडा लिहिला असेल तर त्या दिवशी काहीतरी वेगळं झालं. काहीच लिहिलं नसेल तर सगळं नेहमीप्रमाणे.

तर, मांडामांड. आधी पायथन संगणकावर उतरवून घ्यायचं. ही भाषा गिडो व्हान रॉसम या डच माणसानं १९८९च्या नाताळच्या सुट्टीत वेळ जावा म्हणून हाती घेतली आणि १९९१ साली बाहेर आणली. आमच्याकडे सुट्टीत वेळ जावा म्हणून माळे आवरले जातात. पायथन उतरवताना खिडकीच्या तळाशी एक बारीकसा चौकोन येतो. त्यावर बरोबरची खूण केली नाही तर सगळं नीट बसूनही संगणक नंतर म्हणतो, पायथन? कोण पायथन? जगभरच्या नवशिक्यांची निम्मी उमेद त्या चौकोनात खर्ची पडते. मदतनीसानं तो आधीच दाखवून दिला. हे त्याचं खरं मोल, असं मला वाटतं. कोड पुस्तकातूनही शिकता येतो. पण पुस्तकातलं चित्र आणि आपल्यासमोरची खिडकी वेगळी निघाली की पूर्वी माणूस एकटा पडायचा.

मग त्यानं 'व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट' करायला सांगितलं. हे कशाला, असं विचारल्यावर त्यानं बरंच समजावलं. मला समजलं ते असं : एकाच घरात राहायचं, पण प्रत्येक प्रोग्रामची चूल वेगळी. एकानं आपला मसाला बदलला म्हणून दुसऱ्याची आमटी बिघडू नये. एवढं कळल्यावर पुढचं मी विचारलं नाही. मग गिट. प्रत्येक फेरफाराची तारीखवार नोंद ठेवणारी ही सोय लिनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्सनं २००५ साली लिहिली. आधीचं काही पुसलं जात नाही आणि प्रत्येक बदलापुढे कारण लिहावं लागतं हे ऐकून मला बरं वाटलं. निदान एक तरी गोष्ट ओळखीची निघाली.

सगळं जागेवर बसल्यावर मी लिहिलं, 'मला दुधाचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम हवा.' आणि एंटर दाबलं.

त्यानंतर पडद्यावर जे सुरू झालं ते पाहायला मी हिला हाक मारली. फोल्डरमागून फोल्डर उगवत होते. डेटाबेस झाला. आलेख काढायची सोय झाली. दर महिन्याला ईमेल जाईल अशी व्यवस्था झाली. आबांना ईमेल! माहितीपत्रकाची एक फाइल झाली; तिच्या डोक्यावर गायीचं चित्र आणि खाली हा प्रोग्राम वेगवान, सुरक्षित आणि हजारो ग्राहकांना पुरून उरणारा असल्याचं निवेदन. शेवटी लॉगिनचं पान उघडलं.

"दुधाला पासवर्ड?" ही म्हणाली आणि कुकर बघायला गेली.

भाचीला फोन केला. तिला आश्चर्य वाटलं नाही. "ते असंच करतं, मामा. त्याला उत्साह फार. पुसून टाक सगळं. आधी त्याला म्हण, काही लिहू नकोस, मला प्रश्न विचार. आणि एक नियमांची फाइल ठेव."

ही नियमांची फाइल मला फार आवडली. या मदतनीसांना कालचं आज आठवत नाही. दर वेळी कामाला बसताना ते फोल्डरमधली एक साधी मजकुराची फाइल वाचतात आणि त्याप्रमाणे वागतात. म्हणजे वागण्याचा प्रयत्न करतात. मी मराठीतच लिहिलं. लॉगिन नको. ईमेल नको. आलेख नकोत. एकच फाइल पुरे. विचारल्याशिवाय काही पुसू नये. बाहेरची कुठलीही लायब्ररी घेण्याआधी परवानगी घ्यावी. ही शेवटची अट भाचीनं घालायला लावली. हे मदतनीस कधीकधी अस्तित्वात नसलेल्या लायब्ररीचं नाव खात्रीनं ठोकून देतात, आणि टपून बसलेली माणसं नेमक्या त्याच नावाची लायब्ररी तयार करून तिच्यात नको ते भरून ठेवतात. शेवटी मी माझी म्हणून एक ओळ घातली : उगाच स्तुती करू नये.

त्याचं उत्तर आलं, 'अतिशय विचारपूर्वक लिहिलेले नियम आहेत!' सबंध नोकरीत माझ्या एकाही नोटिंगला वरून असा शेरा आला नव्हता. फाइल तशीच ठेवली.

मग त्यानं प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि मला पहिल्यांदा त्याच्याबद्दल आदर वाटला. महिन्याच्या मध्येच दर वाढला तर नवा दर त्या तारखेपासून धरायचा की पुढच्या एक तारखेपासून? गायीचं आणि म्हशीचं दूध वेगळं मोजायचं का? खाडा कुणी जाहीर करायचा, तुम्ही की दूधवाल्यांनी? आणि सगळ्यांत खाली : तारखेचा चौकोन रिकामा असेल तर दूध आलं असं समजायचं की नोंद करायची राहिली असं?

मी पेन घेऊन स्वयंपाकघरात गेलो.

"रिकामं म्हणजे नेहमीचं," ही म्हणाली. "नेहमीचं कशाला लिहायचं?"

"आणि लिहायचं विसरलीस तर?"

"मी विसरत नाही."

"मागे एकदा आपण वाईला होतो तेव्हाचे चौकोनही रिकामेच आहेत."

"तेव्हा आपण वाईला होतो."

"अगं, पण ते त्या प्रोग्रामला कसं कळणार?"

"आबांना कळतं," ती म्हणाली.

यावर मी काय बोलणार? बँकेत रिकामा रकाना म्हणजे काहीच घडलं नाही. हिच्या कॅलेंडरात रिकामा रकाना म्हणजे सगळं सुरळीत घडलं. या दोन्हीच्या मधली गोष्ट, म्हणजे नोंद नाही पण सगळ्यांना माहीत आहे, ही जगातल्या कुठल्याही वहीत बसत नाही. आणि घर चालतं ते बहुतेक तिच्यावरच. शेवटी मी मदतनीसाला सांगितलं, रिकामं म्हणजे नेहमीचं. घर बंद असेल ते दिवस वेगळे भरू. त्यानं निमूट लिहून घेतलं.

पुढची गंमत आकड्यांची. कॅलेंडरवरच्या नोंदी मी फाइलमध्ये उतरवल्या, जशाच्या तशा, मराठी अंकांत. पायथनला देवनागरी अंक कळतात हे भाचीलाही माहीत नव्हतं. '३५' हा मजकूर देऊन याचा पूर्णांक कर म्हटलं की ते बिनतक्रार पस्तीस समजतं. कोडच्या मजकुरात मात्र नेहमीचे इंग्रजी अंकच लिहावे लागतात; देवनागरीला मानाचं पान आहे, पण ओसरीवर. तेवढ्यावरही मी खूश होतो. गाडी अडली ती '१॥'वर.

आमची ही दीड लिटर म्हणजे '१॥' लिहिते. तिच्या आईची पद्धत. एक उभा दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. जुन्या वह्यांत सगळा व्यवहार असाच असायचा. मदतनीसानं ते पाहिलं आणि नम्रपणे कळवलं की तुमच्या नोंदींत श्लोकांचे क्रमांक मिसळलेले दिसतात, ते काढून टाकू का? संगणकाच्या लेखी '॥' हे श्लोक संपल्याचं चिन्ह. महिनाभराचं दूध त्याला स्तोत्रासारखं दिसत होतं, आणि आमचं ते अर्ध्या लिटरचं माप श्लोकासकट उडवायला तो निघाला होता. विचारल्याशिवाय पुसू नये हा नियम तिथे कामी आला.

समजावून सांगितल्यावर त्यानं क्षणात कोड लिहिला. '॥।' असेल तर पाऊण, नाहीतर '॥' असेल तर अर्धा, नाहीतर '।' असेल तर पाव, आणि मग पूर्णांकासह आणि पूर्णांकाशिवाय याच्या सगळ्या शक्यता. चांगली पानभर लांब उतरंड. मी ती ओळीनं वाचत गेलो. कोड येत नसला तरी वाचता येतो. पायथन त्या बाबतीत सरळ आहे. वाचता वाचता जाणवलं की एवढं सगळं कशाला? दंड मोजायचे आणि चारनं भागायचं. '॥' हे संगणकाला एकच अक्षर वाटतं, त्याचे दोन धरायचे, एवढीच काय ती काळजी. तसं सांगितल्यावर पान गेलं आणि तीन ओळी राहिल्या. 'उत्कृष्ट निरीक्षण!' असा शेरा आला. या वेळी मी तो नियमभंग मानला नाही.

आता चाचण्या. प्रोग्राम बरोबर चालतो की नाही हे तपासणारा आणखी एक प्रोग्राम लिहायचा असतो, आणि तो लिहिणाराही हाच मदतनीस. त्यानं लिहिला, चालवला आणि हिरव्या खुणांची रांग दाखवून जाहीर केलं की सर्व चाचण्या उत्तीर्ण. मी खुर्चीत मागे टेकलो. बँकेत ज्यानं व्हाउचर लिहिलं त्यानं ते पास करायचं नसतं. लिहिणारा एक, तपासणारा दुसरा. हे कुणावर अविश्वास म्हणून नाही. लिहिणाऱ्याची नजर जिथे चुकते तिथेच ती तपासतानाही चुकते म्हणून. इथे तर पेपर काढणारा, सोडवणारा आणि तपासणारा एकच, आणि निकालही तोच वाचून दाखवणार. मी खिळ्यावरून कॅलेंडर काढून आणलं.

पहिला महिना तीस दिवसांचा. रोज दीड लिटर, एका दिवशी पाहुणे आले म्हणून अर्धा लिटर वरचं. साडेपंचेचाळीस लिटर, दर पासष्ट. दोन हजार नऊशे सत्तावन्न रुपये पन्नास पैसे. रुपयात २९५८. प्रोग्राम म्हणाला २९५८. जुळलं. दुसरा महिना एकतीस दिवसांचा, एकही खाडा नाही, वरचं नाही. साडेशेहेचाळीस लिटर. तीन हजार बावीस रुपये पन्नास पैसे. माझ्या हिशेबानं ३०२३. प्रोग्राम म्हणाला ३०२२.

एका रुपयाचा फरक. लोक म्हणतील, सोडून द्या. एका रुपयासाठी आम्ही मार्चच्या क्लोजिंगला रात्र रात्र बसलेलो आहोत. मोठी चूक लगेच दिसते. एक रुपया म्हणजे कुठेतरी काहीतरी मुळात वेगळं चाललंय.

आणि ते तसंच होतं. पायथनची गोल करण्याची रीत आपली नाही. बरोबर अर्धा आला की ते पुढचा रुपया धरत नाही, जवळची सम संख्या धरतं. २९५७.५०चे २९५८, पण ३०२२.५०चे ३०२२. म्हणून तर पहिल्या महिन्यात शंका आली नाही. २००८ साली आलेल्या पायथन ३पासून हे असं आहे आणि त्यामागे विचार आहे : अर्धा दर वेळी वरच ढकलला तर हजारो रकमांची बेरीज हळूहळू फुगत जाते, कधी वर, कधी खाली केलं तर ती जागेवर राहते. या रीतीला म्हणतात 'बँकर्स राउंडिंग'.

हे वाचून मी चष्मा काढून पुसला. मी ज्या ज्या शाखेत बसलो तिथे पन्नास पैसे आणि वर म्हणजे पुढचा रुपया, त्याखाली असेल तर सोडा. बँकर्स राउंडिंग नावाचं काही असतं हे कळायला बँकेतून निवृत्त व्हावं लागलं.

मदतनीसाला सांगितल्यावर त्यानं तत्काळ रीत बदलली. जाता जाता त्यानं आणखी एक सुचवलं, रक्कम रुपयांत नको, पैशांत पूर्णांक ठेवू. कारण विचारलं तर म्हणाला, संगणकाला शून्य पूर्णांक एकमध्ये शून्य पूर्णांक दोन मिळवायला सांगून बघा. सांगितलं. ०.३०००००००००००००००४ आलं. शेवटचा तो चार कुठून आला? संगणक दोनच अंकांत मोजतो, त्यात एकदशांश पुरता बसत नाही, शेवट कुठेतरी कापावा लागतो आणि कापलेल्या जागेची खपली अशी दिसते. एवढ्या मोठ्या यंत्राची बेरीज दहा पैसे अधिक वीस पैसे यात अडखळते, हे मी हिला जाऊन सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. तिचं यंत्रांबद्दलचं मत आधीपासूनच तसं आहे.

एक तारखेला आबा आले. मी छापील बिल काढून ठेवलं होतं. तीन हजार तेवीस, दर, लिटर, खाडे शून्य, सगळं व्यवस्थित. आबांनी कागद दूर धरून वाचला, उलटा करून मागे काही आहे का पाहिलं आणि घडी घालून खिशात ठेवला.

"तीन हजार वीस द्या, साहेब," ते म्हणाले.

पन्नास पैशांचं नाणं कायद्यानं अजून चालतं. पंचवीस आणि त्याखालची नाणी ३० जून २०११पासून गेली. पण आबांचा कायदा दहाच्या खाली उतरतच नाही. मी आत जाऊन नियमांच्या फाइलीत बदल करावा का, या विचारात असतानाच हिनं त्यांच्या हातावर तीन हजार तीस ठेवले. वासराला बरं नव्हतं म्हणे. हे कुणी कधी कुणाला सांगितलं?

मदतनीसाची एक शंका मात्र अजून बाकी होती. काही चौकोनांत पेन्सिलनं बारीक 'शे' लिहिलेलं होतं. या खुणेचा अर्थ नियमांत नाही, असं त्यानं रीतसर कळवलं. मी चौकशी केली. शेजारचे गावाला जातात आणि आबांना सांगायला विसरतात. मग त्यांचं लिटरभर आमच्याकडे उतरतं. कधी आमच्याकडे कुणी नसलं की आमचं त्यांच्याकडे जातं.

"मग ते पैसे कुणाच्या खात्यात?" मी विचारलं.

"कुणाच्याच नाही. कुठल्या दिवशी झालं ते आठवावं म्हणून लिहिते."

"आठवून काय करतेस?"

"काही नाही."

मदतनीसानं शेजाऱ्यांसाठी स्वतंत्र खातं सुचवलं होतं. येणं, देणं, अखेरची बाकी, आणि बाकी वाढली तर आठवण करून देणारी सूचना. तक्ता सुबक होता. मी तो हिला दाखवला. तिनं वाचला, आणि शेजाऱ्यांना यातलं एक अक्षर कळता कामा नये अशी तंबी दिली.

नियमांच्या फाइलीत मी शेवटची ओळ घातली : 'शे' दिसल्यास दुर्लक्ष करावे, प्रश्न विचारू नये.

'समजले,' त्यानं लिहिलं. 'मात्र यामुळे हिशेबात कायमची तफावत राहू शकते. चालेल का?'

मी स्वयंपाकघराकडे तोंड करून वाचून दाखवलं.

"चालतंय म्हणावं," ती म्हणाली. "इतकी वर्षं चाललंच आहे की."